मासा कुठे बसतो, हे ज्याला ठाऊक त्याला विचारा

इंग्लंडमध्ये १५ जूनच्या रात्री नद्यांच्या काठी माणसे जमू लागतात. घडीची खुर्ची, थर्मासात चहा, एका डबीत वळवळणाऱ्या अळ्या, दुसऱ्या डब्यात मक्याचे दाणे असा सगळा सरंजाम असतो; पण बारा वाजेपर्यंत गळ पाण्यात टाकायचा नसतो. १५ मार्च ते १५ जून हा माशांच्या विणीचा हंगाम, आणि त्या काळात नदीत गळ टाकायला कायद्याने मनाई. १६ तारीख लागली की पहिला गळ पडतो. जागेसाठी ढकलाढकली क्वचितच होते, कारण कोण कुठे बसणार हे बहुतेकांनी आधीच ठरवलेले असते. मनाईच्या तीन महिन्यांत हातात काठी नसली तरी ही मंडळी नदीवर चकरा मारतच असतात. जागा हेरायला.

गोड्या पाण्यातल्या माशांची इंग्लंडने जुन्या काळापासून दोन दर्जांत वाटणी केली आहे. सॅमन आणि ट्राउट हे खानदानी. त्यांच्यासाठी उमरावांच्या इस्टेटी, राखीव प्रवाह आणि भरमसाट शुल्क. उरलेले रोच, ब्रीम, चब, बार्बेल, पर्च, टेंच, पाइक हे सगळे ‘कोर्स’, म्हणजे भरड मासे. ते गिरणीत, खाणीत, पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्यांच्या वाट्याला आले. शेफील्ड, नॉटिंगहॅम, लीड्सचे कामगार रविवारची आगगाडी पकडून नदी गाठत. या भरड माशांना विणीच्या काळात अभय देणारा कायदा १८७८ चा, आणि तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ए. जे. मुंडेला शेफील्डचेच खासदार होते. मतदारांना काय हवे हे त्यांना कळत असावे. विशेष म्हणजे धरलेला मासा यातले बहुतेक जण वजन करून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडतात. हे मालवणी माणसाला समजावून सांगायच्या भरीस पडू नये, चांगले संबंध बिघडायचे.

मासा खायचा नाही, विकायचा नाही, मग उरते काय? उरते ती जागा शोधण्याची विद्या. पुलावरून पाहणाऱ्याला नदी सगळीकडे सारखीच वाहताना दिसते. गळवाला काठाने चालतो, थांबतो, पाण्यावरची चमक कापणारा काळा चष्मा लावून तळ न्याहाळतो. गळाला शिशाचा गोळा अडकवून ठिकठिकाणची खोली मोजतो. जोराची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतात, तिथे पाण्यावर एक बारीक सुरकुती दिसते. त्या रेषेवर त्याची नजर अडकते, कारण मासा संथ बाजूला दम खात उभा राहतो आणि वेगवान बाजूने वाहत येणारे खाणे टिपतो. पाण्यावर झुकलेल्या विलोच्या फांद्यांना काटक्या-पाला अडकून छप्पर झाले असेल तर त्याखाली चब असणार. बार्बेलला खडीचा स्वच्छ तळ आणि वाहते पाणी लागते. ब्रीमचा थवा खोल, रुंद, आळसावलेल्या पाण्यात चरतो. पाइक लव्हाळ्याच्या कडेला दबा धरून असतो, पर्च पुलाच्या खांबाशी. पूर आला की सगळे हिशेब बदलतात आणि मासे वळणाआडच्या निवाऱ्यात येतात. ही माहिती पुस्तकांतही आहे. आयझॅक वॉल्टनने १६५३ मध्ये मासेमारीवर लिहिलेले पुस्तक आजही छापले जाते. पण पुस्तकातली नदी आणि आपल्या गावची नदी यांत फरक असतो, आणि तो फरक काठावर वर्षानुवर्षे बसूनच कळतो.

आपल्याकडे ही विद्या नाही असे कोणी समजू नये. वळणाची बाहेरची बाजू खोल असते, संगमाखाली मासा रेंगाळतो, बंधाऱ्याच्या पायथ्याशी फेसाळ पाण्यात तो गोळा होतो, हे भीमेकाठच्या भोयाला कुणी शिकवावे लागत नाही. मरळ काठच्या गवतात, वाम दगडांच्या कपारीत, शिंगाळा डोहाच्या तळाशी. सायप्रिनसला कणकेचा गोळा, रोहूला पेंड, वामीला गांडूळ. पहिल्या दणक्याच्या पावसात चढणीचे मासे कोणत्या ओढ्याने वर येतील हे सह्याद्रीच्या पायथ्याचे कातकरी आभाळाकडे बघून सांगतात. विद्या तीच आहे. तिथल्या गळवाल्याने एकदा न्यायालयात नगरपालिकेला हरवले आणि इथल्याला बंधाऱ्यावरचा पहारेकरी हुसकावून लावतो, फरक पडतो तो असा.

त्या खटल्याची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या मध्यभागी डर्वेंट नावाची नदी डर्बी शहरावरून वाहत जाऊन ट्रेंटला मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात शहराखालची डर्वेंट मेली होती. कृत्रिम धागा बनवणाऱ्या ब्रिटिश सेलनीज कंपनीचे सांडपाणी तिच्यात येई, डर्बी नगरपालिकेचा अर्धवट प्रक्रिया केलेला मैला येई आणि सरकारी वीज केंद्राचे गरम पाणी येई. त्या पट्ट्यात मासेमारीचा हक्क ‘प्राइड ऑफ डर्बी’ नावाच्या गळवाल्यांच्या संघटनेकडे होता. संघटनेने जमीनमालक असलेल्या अर्ल ऑफ हॅरिंग्टन यांच्यासह तिघांवरही दावा लावला. पाठीशी अँगलर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन होती. जॉन ईस्टवुड या वकिलाने १९४८ मध्ये ती स्थापन केली होती. गळवाल्यांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि त्या पैशातून नदी घाण करणाऱ्यांना कोर्टात खेचायचे, एवढा साधा तिचा कार्यक्रम.

नगरपालिकेचा बचाव वाचताना मराठी माणसाला गहिवरून यावे. मैलाशुद्धी केंद्र आम्ही कायद्यानुसारच बांधले, तेव्हा ते पुरेसे होते, पुढे शहर वाढले, यात आमचा काय दोष? कोल्हापूर, पिंपरी, नाशिक, नागपूर, कुठल्याही शहराच्या कागदपत्रांत हे वाक्य शोधावे, सापडेल. १९५२ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले आणि १९५३ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. शहर वाढले म्हणून दुसऱ्याच्या हक्काच्या पाण्यात मैला सोडण्याचा परवाना मिळत नाही, असा त्याचा मथितार्थ. तिघांनाही मनाई हुकूम बजावला गेला. सुधारणा करायला मुदत मिळाली, माफी मिळाली नाही. इंग्रजी कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो.

अँगलर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन पुढे २००९ मध्ये फिश लीगल या नावाने नव्याने उभी राहिली. खाजगी पाणी कंपन्यांनी मैल्याच्या विसर्गाची माहिती लोकांना द्यायची की नाही, हा वाद तिने युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. २०१३ चा तिथला निवाडा आणि २०१५ चा ब्रिटिश न्यायाधिकरणाचा निर्णय यांनंतर कंपन्यांना पर्यावरणविषयक माहिती नाकारण्याची सोय उरली नाही. २०२३ मध्ये यॉर्कशायरच्या कोस्टा बेक या छोट्या प्रवाहावरून पिकरिंगच्या मासेमारी मंडळाने थेट सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात निकाल मिळवला: पाण्याच्या दर्जाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी त्या प्रवाहापुरती ठोस उपाययोजना करण्याचे कर्तव्य सरकारने पाळले नव्हते. शिवाय २००७ पासून हजारो गळवाले काठावर आणखी एक काम करतात. नदीच्या तळाचे दगड तीन मिनिटे पायाने ढवळायचे, वाहून आलेले किडे जाळीत धरायचे आणि ठरलेल्या आठ गटांत मोजायचे. संख्या ठराविक पातळीखाली गेली की पर्यावरण खात्याला कळवायचे. प्रयोगशाळा लागत नाही. ताटली, भिंग आणि थोडे प्रशिक्षण पुरते.

इंग्लंडच्या नद्या यामुळे निर्मळ झाल्या, असे मात्र मुळीच नाही. तिथल्या पर्यावरण खात्याच्याच हिशेबाने जेमतेम १४ टक्के नद्या परिसंस्थेच्या दृष्टीने चांगल्या स्थितीत आहेत. पावसात मैल्याचे विसर्ग सुरूच असतात. वेल्सच्या सीमेवरची वाय नदी कोंबड्यांच्या प्रचंड शेडमधल्या विष्ठेच्या खताने हिरवी पडते आहे. गळवाल्यांच्या तक्रारीही सरळ नसतात. ट्रेंटच्या खोऱ्यात कोळशावर चालणारी वीज केंद्रे रांगेने उभी होती, त्यांच्या कोमट पाण्यात भर हिवाळ्यातही रोच मिळत आणि मोठमोठ्या स्पर्धा भरत. नदी स्वच्छ झाली, पाणी नितळ झाले, केंद्रे एकेक करून बंद पडली. शेवटचे रॅटक्लिफ ३० सप्टेंबर २०२४ ला थांबले. आता जुने लोक कुरकुरतात की पूर्वीची मजा गेली. जागा जपणारा माणूस नदीचा भक्त असतोच असे नाही. तो आपल्या जागेचा स्वार्थ पाहतो, आणि तो स्वार्थ बहुतेक वेळा नदीच्या बाजूने पडतो, एवढेच.

त्याहून मोठी अडचण मालकीची आहे. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटी पोचत नाही अशा नदीत मासे धरण्याचा हक्क सर्वसाधारणपणे काठाच्या जमीनमालकाचा, तोही पात्राच्या मध्यापर्यंत. सरकारी परवाना खिशात असला तरी मालकाची किंवा क्लबची परवानगी लागते. टेडिंग्टनच्या खालची टेम्स, काही नगरपालिकांचे पट्टे अशा मोजक्याच जागा मोकळ्या. डर्बीचा दावा टिकला तो हक्क मालमत्तेचा होता म्हणून. मासे मेल्याच्या दुःखावर कोर्ट हललेले नाही. हा डोलारा इकडे आणायची गरज नाही आणि आणूही नये. आपल्या नद्या कुणा अर्लच्या नाहीत, ते बरेच आहे.

पण मग जागेची माहिती असलेल्या माणसाला आपल्याकडे काय स्थान आहे?

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरला. त्याने वर्णन केलेले मासे १८३९ पासून शास्त्राच्या नोंदीत आहेत. मुळा-मुठेतला महाशीर, शिंगाळा, कोळशी, गुंगवारी, आळकूट अशी मोठी यादी आहे, आणि यांतल्या कितीतरी माशांना त्याने शास्त्रीय नाव देताना इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव ठेवले. नावे सांगणारे, मासे धरून आणणारे लोक मात्र त्या यादीत नाहीत. शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची पुन्हा मोजदाद केली. या दोन याद्यांमुळे पुण्याच्या नद्यांत काय काय होते हे सांगता तरी येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्यांना तेवढेही भाग्य नाही. तिथली यादी काठावरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि ती दरवर्षी कमी होते आहे.

हौशी गळवाल्यांची संघटना आपल्याकडेही आहे. मुंबईत पवई तलावावरची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ब्रिटिश अमदानीत बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन म्हणून सुरू झाली. पण हा अपवाद, आणि तोही तलावावरचा. नद्यांवर दिसतात ते दोन प्रकारचे लोक. एक पोटासाठी मासे धरणारे: भोई, कातकरी, विदर्भातले ढिवर. दुसरे सुटीच्या दिवशी पुलाखाली बसणारे: रिक्षावाले, गवंडी, निवृत्त कारकून, कॉलेजची पोरे. पहिल्यांना धरणांच्या पाण्यात ठेकेदाराच्या किंवा सोसायटीच्या मेहेरबानीवर जगावे लागते. दुसऱ्यांना लोक रिकामटेकडे म्हणतात. नदीविषयीच्या बैठकीत दोघांनाही कोणी बोलावत नाही. तिथे सल्लागार असतात, संगणकावर नदी दाखवणारे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. हे पट्टे ठरतात ते ठराविक ठिकाणी, ठराविक दिवशी घेतलेल्या नमुन्यांवरून. आता माशाचे गणित पाहू. त्याला जगायला पाण्यात लिटरमागे साधारण चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो खातात. त्यामुळे मैल्याने माजलेल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. सकाळी अकराला बाटली भरणाऱ्या कर्मचाऱ्याला पाणी बरे दिसू शकते. पहाटे पाचला डोहावर बसलेल्या गळवाल्याला मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात, आणि दोन दिवसांनी काय होणार हे त्याला कळून चुकते. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी येते, पंचनामा होतो, नमुने जातात. तोवर दोषी पाणी पुढच्या गावाला पोचलेले असते. हे एकदा नाही, वर्षानुवर्षे चालले आहे.

परके मासेही आधी गळाला लागतात आणि मग अहवालात येतात. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात आज चिलापीचे राज्य आहे, आणि भिगवण-इंदापूरच्या मच्छीमारांना ते कुठल्याही संशोधकाच्या आधी जाळ्यात दिसले. आफ्रिकन मांगूरवर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली. तो अजूनही नदीत सापडतो हे गळवालाच सांगतो. घरच्या काचपेटीतून नदीत सोडलेला खरबरीत अंगाचा सकर मासा जाळी फाडतो, त्याला कोणी खात नाही, विकतही घेत नाही. असा मासा गळाला लागला की गडी त्याला काठावर फेकतो आणि पुन्हा गळ टाकतो. त्याच वेळी तारीख आणि जागा कुठे लिहिली गेली असती तर राज्याला एका फुकटच्या पाहणीचा लाभ झाला असता.

नदीकाठ सुधारणा हा सध्याचा आवडता शब्दप्रयोग. पुण्यात ४४ किलोमीटर काठाचा प्रकल्प चालू आहे, इतर शहरांनाही तसाच हवा आहे. अशा आराखड्यांतली चित्रे देखणी असतात. सरळ काठ, एकसारखी उतरंड, बाक, सायकलची वाट. मासा मात्र वाकड्या-तिकड्या नदीत राहतो. त्याला उथळ खडी लागते, खोल डोह लागतो, पाण्यात उघडी पडलेली मुळे लागतात, कपार लागते, उंबराची सावली लागते. काठ भिंतीसारखा आणि तळ परातीसारखा झाला की गळवाल्याच्या भाषेत तिथे जागाच उरत नाही, मग पाणी कितीही शुद्ध असो. इंग्लंडमध्ये एकेकाळी सरळ केलेल्या प्रवाहांत आता मुद्दाम झाडांचे ओंडके टाकतात, खडी परत पसरतात, वळणे पुन्हा कोरतात. त्यावर पैसा खर्च होतो. आपण आधी काढायला खर्च करू आणि पुढची पिढी पुन्हा घालायला. वाळूउपशाने हेच काम काँक्रीटशिवाय करून दाखवले आहे. जिथे शिंगाळा वीत होता तिथे आता पोकलेनने पाडलेले खड्डे आहेत.

पाणी गेले तरी मासे सोडून दाखवण्याचा उत्साह काही कमी होत नाही. मत्स्यबीज सोडतानाचे फोटो दरवर्षी छापून येतात. रोहू, कटला, मृगळ ही मूळ गंगेकडची मंडळी. ती दख्खनच्या नद्यांत आणून सोडल्याने बाजार चालतो, हे मान्य. पण जागा राखण्याला तो पर्याय नाही, आणि चांगल्या हेतूनेही घोटाळे होतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने महाशीराची पैदास यशस्वी केली, अनेक दशके चालवली. काम मोठे होते. त्यातली पिले गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीतही सोडली गेली. तिथे आपला दख्खनी महाशीर इतका फोफावला की कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महाशीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि त्यामागच्या कारणांत अभ्यासक आपल्या माशाचे नाव घेतात. इंग्रज गळवाल्यांनी हेच केले: १९५६ मध्ये केनेट नदीतले सुमारे पाचशे बार्बेल उचलून जिथे ते कधीच नव्हते त्या सेव्हर्नमध्ये सोडले. मासा एका नदीतून दुसरीत नेणाऱ्याला थांबवायचे असेल तर कुठल्या डोहात मुळात काय होते याची नोंद आधी हातात हवी.

डोह राखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. देहूला इंद्रायणीतल्या माशांना वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हात लावला नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीतले महाशीर देवीचे म्हणून सुरक्षित राहिले. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथील मंदिराचे मासेही तसेच. श्रद्धेने गळ आणि जाळे अडवले, आणि ते थोडे नव्हे. पण वरून येणारे रसायन आणि मैला श्रद्धेला जुमानत नाही. आळंदीत ऐन वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर फेस तरंगतो आणि लोक त्यातच स्नान करतात. गळ टाकणाऱ्यावर डोळा ठेवणारे गाव नळी सोडणाऱ्याकडे डोळेझाक करते, हा विरोधाभास मंदिरांच्या विश्वस्तांनी मनावर घ्यायला हवा.

काय करता येईल? नवा कायदा लागणार नाही. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सक्तीची केली. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० च्या सुरुवातीची मुदत घालून दंडाचा धाक दाखवल्यावर त्या वह्या भराभर तयार झाल्या. घाईत भरलेली वही कशी असते हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. या वहीत नदीचे पान नीट लिहायचे झाले तर ते वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराकडून होणार नाही. कुठला डोह किती खोल, उन्हाळ्यात कुठे पाणी टिकते, कोणता मासा कुठे वितो, कोणता कधीपासून दिसेनासा झाला, हे भोई आणि गळवालेच सांगू शकतात. समितीत त्यांच्यासाठी जागा हवी. आदिवासी भागांत तर २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. भंडारा-गोंदियात ढिवरांच्या सहकारी संस्थांनी जुन्या तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणले, ते त्यांना तलावाचे प्रत्येक अंग पाठ होते म्हणून.

दुसरी गोष्ट प्रदूषण मंडळाने करायची. नमुना घेण्याच्या जागा ठरवताना गळवाल्यांना विचारावे आणि उन्हाळ्यात निदान काही नमुने पहाटे घ्यावेत. मासे तोंड वर काढताना दिसले की कळवायला एक दूरध्वनी क्रमांक असावा आणि तो उचलणारा माणूस असावा. तिसरी गोष्ट गळवाल्यांनी स्वतः करायची. पाहिजे तेव्हा, पाहिजे ते धरायचे आणि जून-जुलैत अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे पोत्याने घरी न्यायचे, हे चालू ठेवून नदीबद्दल बोलण्याचा अधिकार मागता येणार नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कोळी ती पाळतात. ओढ्याच्या तोंडाशी काठ्या घेऊन उभे राहणाऱ्यांनी त्याच दोन महिन्यांत हात आखडता घ्यावा. १८७८ मध्ये शेफील्डच्या कामगारांना हे पटले होते.

आपल्या गावात किंवा शहरात लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या कार्यालयात मागून पाहावी आणि नदीचे पान उघडावे. तिथे एकाही डोहाचे नाव नसेल, तर काठावर बसणाऱ्या दोन जुन्या माणसांना सोबत घेऊन पुढच्या ग्रामसभेत अर्ज द्यावा.